राहीताईची उलटतपासणी

देवळाली प्रवरा, ता. ३ मार्च १९७१

ति. सौ. लंकाअक्कास,
आसारामचा कृ. सा. न. वि. वि.

राहीताई आता बरी आहे. दाजी वारले, पाठोपाठ ताप डोक्यात गेला, तेव्हा ती मलाही ओळखेना. म्हणून कोर्टाने तिच्या थोरल्या दिरांना, कारभारीबापूंना, सहा महिन्यांपुरते पालक नेमले. ती मुदत वीस तारखेला संपते. जज्जसाहेब तिला स्वतः प्रश्न विचारणार. शहाणी ठरली तर ती आपल्या घरी, आपल्या मळ्यात. नाहीतर बापू तिला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवणार म्हणतात.

मी मास्तरच, रोज तयारी घेतो. वार, महिना, बैलांची नावं, सगळं तोंडपाठ आहे.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा आसाराम

खर्डा, ता. ११ मार्च

चि. आसारामास अनेक आशीर्वाद.

पोरांवर ओरडतोस तसा राहीवर ओरडू नकोस. तुझी गणितं तीच सोडवायची, विसरलास? शहाणपणाची परीक्षा तिनं द्यायची, याचं मला रडू येतं.

तिला माझा निरोप सांग. डोईवरचा पदर ढळू देऊ नको, थोरल्यांपुढं मर्यादेनं राहा. नाहीतर बापूच म्हणतील, बाईला भान नाही.

पत्र टाकत जा, जीव लागून राहतो.
तुझी लंकाअक्का

देवळाली प्रवरा, ता. २२ मार्च

ति. अक्कास सा. न.

नगरच्या कोर्टात ताईनं सगळं खडाखड सांगितलं. मग साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. समोर बापू बसलेले. ताईनं पदर पुढं ओढून मान खाली घातली. तीनदा विचारलं. मी उठलो तर शिपायानं खाली बसवलं. साहेब परमुलखातले, त्यांनी पतीचे नाव आठवत नाही असं लिहून घेतलं आणि मुदत वर्षानं वाढवली. बापूंना सगळं कळत होतं, पण ते गप्प राहिले.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली की, इसरले न्हाई रे, थोरल्यांम्होरं त्येंचं नाव कसं घिऊ?

आसाराम

देवळाली प्रवरा, ता. २ एप्रिल

ति. अक्कास सा. न.

तुझं पत्र वाचवलं नाही. स्वतःला बोल लावू नकोस, मीही तिला तेच सांगितलं असतं. आता मी वकील दिलाय, ते पुन्हा अर्ज करणार आहेत, पण तारीख दिवाळीनंतरची मिळेल म्हणतात.

काल बापूंबरोबर ताईला पुण्याला पोचवली. इस्पितळाच्या कारकुनानं वही उघडून नवऱ्याचं नाव विचारलं. ताईनं पदर मागं सारला, बापूंच्या तोंडाकडं बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, गहिनीनाथ. मग आणखी दोनदा सांगितलं. कारकुनानं मान वर न करता ते लिहून घेतलं आणि तिला आत न्यायला बाई बोलावली.

आहे तो लोभ राहू दे.
आसाराम