चौघींतल्या तिघी

रविवार, १ डिसेंबर १९८५

चौघी आहेत. जायच्या तिघी. आणि त्या चौघींतली एक माझी!

महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघाचं शिबिर चंद्रपुरात भरलंय, यावर अजून माझाच विश्वास बसत नाही. वामनराव सर मुख्य प्रशिक्षक, नागपूरचे. मी इथल्या मुलींच्या शाळेतली खेळाची बाई, म्हणून मदतनीस. चेंडू मोजायचे, पाण्याचं बघायचं, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. आज सरांनी मैदानावरच बाजूला घेतलं. म्हणाले, पुढची फळी तुम्ही बघा. बास्केटखाली खेळणाऱ्या चारही उंच मुली. कुणाचं बळ काय, कुणाचं काय कच्चं, ते सोळा तारखेला लिहून द्या. तुमच्या अहवालावरूनच तिघी घेईन. फेब्रुवारीत बँकॉक.

"उंच माणसाचं उंच माणसालेच समजते, सत्यशीलाबाई."

मी पाच फूट अकरा. लहानपणापासून याच वाक्याची वाट बघत होते बहुतेक.

बुधरी माझ्या घरी सहा वर्षं राहिली हे सरांना माहीत आहे. तरी मलाच सांगितलं.

संध्याकाळी सगळ्या मुलींना उभं करून त्यांनी हिंदीत नियम सांगितले. वेळ पाळा, घरी पत्र टाका, आणि दुखत असेल तर सांगा. दुखापत लपवली तर दोन वर्षं संघाबाहेर.

मंगळवार, ३ डिसेंबर

बघते, टिपते, खोडते.

कांता. राजस्थानची, रेल्वेत नोकरी. सहा फूट एक. तिच्याकडे पाठ करून उभं राहणं म्हणजे भिंतीला टेकणं. बास्केटखाली तिला कुणी हलवू शकत नाही. पण पळत नाही! आपण चेंडू गमावला की ती परत येईपर्यंत समोरच्यांचे दोन गुण झालेले असतात. रागही लवकर येतो. आज पहिल्याच अर्ध्यात चार फाउल.

अन्नपूर्णा आंध्रातली. उंचीने कमी, पण लांबून टाकते आणि पडतं. हात मऊ. धक्का मात्र सोसत नाही. कुणी अंगावर आलं की आधी डोळे मिटते.

रंभा ओडिशाची. सव्वीस वर्षांची, चौघींत मोठी. उडी आता फारशी नाही, पण चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं. तिथे जाऊन उभी असते. हे शिकवून येत नाही. बाकीच्यांना सतत ओरडून जागा सांगते. स्वतः कमी टाकते, फार कमी.

बुधरी... तिचं उद्या लिहीन.

बुधवार, ४ डिसेंबर

लिहिलं नाही. थंडी. चेंडू दगडासारखा लागतो, कोळशाच्या धुळीने सगळ्यांचे तळहात काळे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आई सकाळीच पांढरं लुगडं नेसून विहारात गेली. मला मैदान सुटलं नाही. संध्याकाळी मेणबत्ती लावायला गेले, हात जोडले, आणि डोक्यात काय? बुधरीचे फ्री थ्रो! दहातले पाच जातात.

आज तिचं लिहायचंच.

एकोणऐंशी साली भामरागडच्या आश्रमशाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. तिथे तेरा वर्षांची ही पोर एका उडीत आंब्याची फांदी खाली आणताना दिसली. मी तिला तीनदा उडी मारायला लावली. तिचे वडील झिंगू पुंगाटी बघत होते. मी म्हटलं, हिला चंद्रपूरला नेते, शिकवते. ते त्यांच्या माडिया बोलीत तिच्याशी बोलले, मग मला मराठीत म्हणाले, "तिले इचारा." त्यांनी पाठवली नाही, तीच आली. वर्षातून एकदा, पाणी उतरून रस्ता मोकळा झाला की, ते भेटायला येतात. मला फक्त एवढंच विचारतात की ती खोटं तर बोलत नाही ना.

बळ: उडी. इतकी उंच उडणारी मुलगी मी या देशात पाहिली नाही. दम. एकदा सांगितलं की विसरत नाही.

कच्चं: बास्केटकडे बघतच नाही, चेंडू आला की दुसरीला देऊन मोकळी. धक्का लागला तर समोरचीला "लागलं का?" विचारते. उतरताना पाय सरळ ठेवते.

शेवटचं वाक्य परत वाचलं. हे मी सहा वर्षांत दुरुस्त करायला हवं होतं.

रविवार, ८ डिसेंबर

सुटी. बुधरी शिबिराच्या होस्टेलवरून घरी आली. मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर आई तिच्या उजव्या गुडघ्याला मोहाच्या बियांचं तेल चोळत बसलेली.

"पाय तं बघ हिचा. किती फुगून राह्यला! अन् तू मास्तरीण?"

गुडघा दोन बोटं सुजलेला. मी विचारलं, केव्हापासून. म्हणाली, चार दिवस झाले. मला का सांगितलं नाही? तर म्हणते, आज सांगायलाच आली होती, पण बायनाबाईंनी, म्हणजे आईने, आधी पाहिलं.

सोमवार, ९ डिसेंबर

सरावाआधी तिला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. गुडघा वाकवून, ओढून पाहिला. आतली दोरी, लिगामेंट, अर्धी तुटली आहे, म्हणाले. सहा आठवडे उडी बंद. ऐकलं नाही तर पूर्ण तुटेल, मग खेळ विसरा.

सहा आठवडे! म्हणजे वीस जानेवारी. बँकॉकला वेळेत बरी होईल. पण आज सांगितलं तर आजच घरी. मला माहीत आहे ना. बहात्तर साली माझा घोटा मुरगळला होता. असंच शिबिर, दक्षिणेत. मी शहाण्यासारखं जाऊन सांगितलं. संध्याकाळी हातात परतीचं तिकीट. म्हणाले, बरी झालीस की बोलावू. तेरा वर्षं झाली. आमच्या गावी, सावलीला, घरी आले तेव्हा बाबा धानाच्या बांधीत होते. चिखलाच्या पायाने तसेच वर आले, माझी बॅग उचलली आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्याबाहेर बाभळीखाली उभं राहून मी तिला सांगितलं, फक्त आठ दिवस आहेत. मी तुला उड्या कमी देईन. कुणाला बोलू नको.

"सरानं तं सांगा म्हणलं होतं, बाई."

"सरांचं मी बघते."

तिने मान हलवली. हो की नाही, मी विचारलं नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

बुधरी माझ्याकडे बघत नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

माझं कुठेच लक्ष लागत नाही. वर्गात हजेरी घेताना एक पान सोडून पुढे गेले. आई म्हणते, काऊन अशा चकरा मारून राह्यली, बस एका जागी.

सराव संपल्यावर रंभा थांबली. दीदी, जरा खांदा चोळून द्याल का. डावा, जुना. जोर लावल्यावर आखडतो, चोळला की सुटतो. दोन वर्षं हेच चाललंय, खेळ अडत नाही, सरांना माहीतही आहे थोडंफार. हे शेवटचं वर्ष, म्हणाली. यानंतर लग्न, मग कोण खेळू देतं. परदेशी एकदा जायचंय. विमानात बसायचंय. अशी लाजत म्हणाली, जशी काही चोरी करतेय.

मी वीस मिनिटं चोळला. चांगली बाई आहे.

शनिवार, १४ डिसेंबर

निवड सामना. आपसातच, दोन संघ. बघायला निम्मं चंद्रपूर. लोक कुंपणावर बसलेले.

मी बुधरीला बसवायला हवं होतं. नाही बसवलं. तिने अकरा चेंडू बास्केटखालून काढले. अकरा! कांताच्या डोक्यावरून. लोक तिच्या नावाने ओरडत होते, आणि मीही उभी राहून ओरडले, खरं सांगायचं तर. त्या क्षणी गुडघा मलाही आठवला नाही. दर वेळी ती एकाच पायावर उतरत होती, डाव्या.

शेवटच्या पाच मिनिटांत रंभा धावत माझ्याकडे आली. ती बुधरीच्या विरुद्ध संघात.

"दीदी, उसको बिठाओ. घुटना ठीक नहीं है उसका."

मी म्हटलं, थंडीने आखडलाय. रंभाने माझ्याकडे नीट पाहिलं. मग परत गेली, आणि उरलेला वेळ बुधरी हवेत असली की तिच्या अंगावर गेली नाही. दोन चेंडू त्यामुळे सोडले. सरांनी ते रंभाच्या नावावर चूक म्हणून टिपले असणार.

सोमवार, १६ डिसेंबर

अहवाल दिला.

शाळेच्या प्रयोगशाळेत बसून लिहिला, दुपारी. कांताचं एक पान, अन्नपूर्णाचं एक पान. एक शब्द खोटा नाही. कांता हवीच, अन्नपूर्णा हवीच. मग उरल्या दोघी, जागा एक.

बुधरीचं लिहिलं: अतुलनीय उडी. उतरण्याच्या पद्धतीत सुधारणा हवी. बाकी तंदुरुस्त.

"तंदुरुस्त" हा शब्द लिहिला आणि उठून खिडकीशी गेले. परत आले. खोडला नाही.

रंभाचं लिहिलं: खेळाची जाण उत्तम. डाव्या खांद्याला जुनी दुखापत, भरवसा धरता येत नाही.

हेही खोटं नाही! हेच मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. दोन्ही वाक्यं एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिली. त्याच हाताने तिचा खांदा चोळला होता.

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी यादी लागली. कांता, अन्नपूर्णा, बुधरी.

दुपारी चारला सरांनी बोलावलं. मी गेले तेव्हा ते यादी समोर घेऊन बसलेले, चहा तसाच.

रंभा सामान बांधत होती तेव्हा बुधरी तिच्या खोलीत गेली म्हणे. तिथे रंभाकडूनच तिला कळलं, की खांद्याचं कारण सांगून तिला गाळलं. तिथून उठून लंगडत सरळ सरांकडे. गुडघा दाखवला. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, जी मी तिला फाडून टाकायला सांगितली होती. सर म्हणाले, "म्या तिले विचारलं, बाईले माहीत होतं का. तं म्हणाली, बाईले माहीत नाई, मीच लपवलं."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "नव्हतं ना माहीत?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. एक शब्द. किती सहज निघाला.

ते म्हणाले, मग नियम तो नियम. बुधरी दोन वर्षं बाहेर. वाईट वाटते, पण आज सूट दिली तर उद्या कोणीही पाय मोडून घेईल. रंभाला परत घेतलं. तिचा खांदा पुन्हा तपासून घेऊ. आणि हो, बाकी अहवाल फार चांगला आहे, असं बारीक कोणी बघत नाही. संघासोबत एक महिला मदतनीस लागते. तुमचंच नाव पाठवतो.

मी आभार मानले! खुर्चीतून उठताना चक्क आभार मानले.

बुधरी घरी आली आहे. आईने पाय उशीवर ठेवला. मी तिला विचारलं, तू खोटं का बोललीस.  मग म्हणाली, "तुमची नोकरी हाय, बाई. माहा तं पाय बरा होते."

तिचे वडील पुढच्या महिन्यात येतील. त्यांचा तोच प्रश्न असेल.

बुधवार, १८ डिसेंबर

सकाळी सातला सरांकडे गेले. ते दाढी करत होते. उभ्याउभ्याच सांगितलं. मला नऊ तारखेपासून माहीत होतं, ती सांगायला निघाली होती, मी गप्प बसवलं. रंभाच्या खांद्याचं दुखणं मी मुद्दाम वाढवून लिहिलं. तेही सांगितलं.

त्यांनी तोंड पुसलं.  मग यादी काढून माझ्या नावावर रेघ मारली. म्हणाले, शाळेला कळवावं लागेल. मी हो म्हटलं. पेन परत खिशात लावता लावता थांबले.

"मंग त्या पोरीनं लपवलंच नाई."

आणि खाली, राखीव खेळाडूंत, लिहिलं: बुधरी पुंगाटी, सहा आठवडे विश्रांती, नंतर तपासणी.

घरी आले. ती आईजवळ बसून लसूण सोलत आहे, पाय लांब केलेला. अजून सांगितलं नाही. आधी यादीत आलेलं नाव सांगू, की आधी माफी मागू?