लोण्यासारखा चालणारा स्पिंडल

१४ सप्टेंबर, रविवार

जळाला! संपदाचा स्पिंडल आज दुपारी जळाला. धूर थेट हॉलपर्यंत! मी आडवा झालो होतो. गोदानं गदागदा हलवून उठवलं – "अहो, पोरीचा हाका मारून घसा बसला आणि तुम्ही घोरताय!"

पोरीनं कंपनीतली चांगली नोकरी सोडून हे काम काढलंय. पेढ्यांवर दुकानाचं नाव उमटवायचे पितळी साचे. अक्षर मुंगीएवढं, कोरायचं कटर सुईएवढं. ते मिनिटाला चोवीस हजार फेरे फिरायला हवं. फिरवतो तो स्पिंडल, आणि नेमका तोच गेला. दिवाळीचे सगळे साचे अर्धवट. पोर मशीनसमोर नुसती बसून होती. मला बघवेना.

म्हणालो, नवा मागवू नकोस. मी करतो. मागच्या शेडमध्ये, माझ्या लेथवर.

"बाबा, चोवीस हजार! तुमच्या लेथला हजारावर धाप लागते."

धाप लागते म्हणे! सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म टर्नर म्हणून काढला, आणि घरच्या पोरीकडून हे ऐकायचं!

२१ सप्टेंबर

शाफ्ट झाला. आज बॉडी, म्हणजे बाहेरचं कवच. आत बेअरिंग बसायची जागा अगदी गोल हवी, नाहीतर त्या वेगाला बेअरिंग तग धरत नाही. आतून उभं मोजलं, आडवं मोजलं. एकच माप! हात अजून शाबूत आहे.

मी लेथ सुरू केला की गोदा स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावते. रिटायर होऊन शेड टाकली तेव्हापासून रोजचंच. तेलाचा वास सोसत नसणार. टर्नरशी लग्न केलंस बाई, आता कसला वास!

२४ सप्टेंबर

द्वारका चौकात जाऊन रविराजच्या दुकानातून बेअरिंग्ज आणल्या. जोडणी झाली. संध्याकाळी पहिल्यांदा फिरवला.

तपासायची माझी जुनी रीत – स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडाला. खराब बेअरिंग मग लपत नाही. कारखान्यात दुसऱ्या खात्यातून बोलावणं यायचं, "हिरामणचा कान पाठवा!" आजही ऐकलं. लोण्यासारखा! नुसती बारीक घरघर.

वर बघतो तर काय – संपदाची दोन्ही कानांत बोटं. दारात गोदा, तिचीही!

"बाबा, शिट्टी वाजतेय. केवढी!"

कसली शिट्टी? मी बंद केला, परत लावला, परत ऐकलं. काही नाही. मायलेकींना झालंय तरी काय? देवळालीला लष्कराच्या तोफा उडाल्या तर मला इथे बसून ऐकू येतात, आणि हातभरावरची शिट्टी येणार नाही? काहीतरीच!

२५ सप्टेंबर

शिट्टीबिट्टी नाही, पण बॉडी हात ठेववेना एवढी तापली. म्हणजे बेअरिंग डुप्लिकेट! गेलो तडक रविराजकडे. भरल्या दुकानात सुनावलं. तो म्हणाला, "काका, सील तुम्हीच फोडलं माझ्यासमोर." पण दुसरी जोडी काढून दिली. आवाज नाही चढवला त्यानं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

२८ सप्टेंबर, रविवार

नवी जोडी बसवली. या बायकांना पटत नाही म्हणून खंडेरावला बोलावला. माझ्या शेजारच्या मशीनवर अख्खी नोकरी काढलेला गडी. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि म्हणाला – "लोणी!"

मी म्हटलं, ऐकलंस का गं? दोन टर्नर सांगताहेत!

संपदानं खंडेरावकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेली. खंडेराव दोन कप चहा प्यायला. गोदानं त्याला "साखर हवी का" म्हणून तीनदा विचारलं. जाम हसलो आम्ही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. लेथला झेंडू, हळद-कुंकू. आज मशीन चालवायचं नाही. गोदानं स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवलेली, पोळ्या लाटताना गुणगुणत असावी, ओठ हलत होते. सणाचा दिवस, खुशीत होती.

संपदा म्हणाली, "बाबा, अजून थोडे दिवस तपासू." मी म्हटलं, दिवाळी तुझ्यासाठी थांबणार आहे का? दुकानवाले रोज फोन करताहेत तिला. तिचे डोळे ओढलेत. साचे वेळेत दिले नाहीत तर पुढच्या वर्षी कोण विचारणार तिला?

४ ऑक्टोबर, शनिवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज पहिला साचा लावला. संपदा समोर वाकून कटर बघत होती. मी बाजूला, स्क्रू-ड्रायव्हर कानाला, बटण माझ्या हाताशी. लोण्यासारखा चालला होता! संपदानं मान वर केली, तोंड हललं. मला वाटलं, खूश आहे. मी मान डोलावली. मान डोलावली मी!

ती "बंद करा, बंद करा" ओरडत होती. माझ्यापर्यंत आवाज पोचला, शब्द पोचले नाहीत. शेवटी ती माझ्या अंगावरून बटणाकडे झेपावली, आणि त्याच क्षणी बेअरिंग फुटली. तुकडा प्लास्टिकचं कव्हर फोडून मागच्या दाराच्या चौकटीत घुसला. सागवानात! जिथे क्षणभर आधी पोरीचं डोकं होतं, बरोब्बर तिथून.

गोदा किंचाळत आली. संपदाला काही झालं नाही. कुठेच काही नाही, मी चार-चारदा बघितलं. देवा!

ती रडली नाही. मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच ऐकू आलं नाही?"

५ ऑक्टोबर

सकाळी संपदानं मोबाईल माझ्यासमोर धरला. "यातून आवाज काढते. आला की बोट वर करा." केलं. केलं. केलं. मग ती थांबली. मी म्हटलं, पुढचा लाव की.

"केव्हाचा चालू आहे, बाबा."

गोदानं कानांवर हात घेतलेले. गॅलरीतला शेजाऱ्यांचा कुत्रा उठून उभा राहिला. कुत्र्याला ऐकू आलं! मी आपला बोट खाली ठेवून बसलेलो.

मग तिनं पहिल्या दिवशी मोबाईलवर करून ठेवलेलं स्पिंडलचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते. एका जागी रेघ ताडासारखी उभी. "ही शिट्टी." मी बघत होतो. ऐकत नव्हतो.

७ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरीणबाई. काचेच्या खोलीत बसवलं. म्हणाल्या, जाड आवाज तुम्हाला छान येतात, बारीक गेलेत, आणि ते काही आज गेलेले नाहीत. "एमआयडीसीतले तुमच्या वयाचे निम्मे लोक असेच येतात माझ्याकडे. बायको हाताला धरून आणते."

म्हणजे तोफा येणार आणि शिट्टी नाही येणार. हे मी फुशारकी म्हणून सांगत होतो!

खंडेरावला फोन केला. त्याला तीनदा सांगावं लागलं. शेवटी म्हणाला, "हां हां, जेवलो!"

हसलो. मग फोन ठेवला. हिरामणचा कान! लोक हसत असतील.

९ ऑक्टोबर

संपदानं फुटलेली बॉडी उघडून दाखवली. बेअरिंग बसायच्या जागी तीन चट्टे चकाकताहेत. म्हणजे भोक गोल नाहीच, तीन बाजूंनी दबलेलं. मी समोरासमोर मोजलं, आणि असं भोक एकीकडे दबलं की समोर तेवढंच फुगतं, माप एकच दाखवतं. रविराजच्या बेअरिंग्जचा काही दोष नव्हता.

संपदा म्हणाली, "कापतानाच मशीन थरथरलं असणार."

माझं मशीन? शक्य नाही! स्पिंडल चुकला असेल, मी चुकलो असेन. पण तो लेथ मी स्वतः निवडून आणलाय. रोज तेल देतो. लोण्यासारखा चालतो तो.

तिनं बॉडी फडक्यात गुंडाळली. गोदा भांडी घासत राहिली. या घरात हल्ली सगळेच गप्प बसतात.

११ ऑक्टोबर

कानात मशीन बसवलं. पंख्याची कुरकुर, पिशवीची खसखस, माझ्याच चपला! आणि कुकर – असा वाजतो होय तो? दचकून उभाच राहिलो. गोदा पदर तोंडाला लावून हसत होती. तिचं हसू फार दिवसांनी ऐकलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

नवी बॉडी कापायला सकाळी शेडमध्ये गेलो. लेथ सुरू केला, आणि तसाच बंद केला.

तो किंचाळतो. पुढची बेअरिंग पार गेलीय – आज नाही, कधीचीच. लोखंडावर लोखंड, दाढेत कळ जाईल असा आवाज. शेड टाकली तेव्हापासून रोज!

मागे वळलो. स्वयंपाकघराची खिडकी लागलेली, आत गोदाचा हात अजून कडीवर. तेलाचा वास नव्हताच कधी.

"का नाही बोललीस?"

"तुमच्या कानापुढे माझं कोण ऐकणार होतं?"

मी आत गेलो आणि खिडकी उघडली.