हेल्मी धावते, त्याचा पुरावा

आयलीताईस रेइनोचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण सध्या वाकवत नाही. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे काय म्हणतात? डुलुथ शहरातल्या त्या इमारतीचा जिना अजून हट्टाने चढतेस, की लिफ्टशी समेट झाला? इकडे सगळं ठीक. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलंय, वाफेच्या अंघोळीची सौना दर शनिवारी नेमाने तापते आणि आठही कुत्र्यांची पोटं व्यवस्थित आहेत.

तू लिहिलंस, हेल्मीचा धावतानाचा फोटो पाठव, बसलेली नको, शेगडीपुढे लोळणारी तर मुळीच नको. तुझा संशय पोचला. गाव सोडताना तू तिला माझ्या हवाली केलीस तेव्हाचा करार मी विसरलेलो नाही : बाकीच्या कुत्र्यांबरोबर बर्फावरची स्लेजगाडी ओढते आहे तोवर ती माझी, ओढणं थांबलं की तुझी. आता ती दहा वर्षांची झाली, तेव्हा तू पुरावा मागणारच.

म्हणून ग्रंथालयातून आठवड्यासाठी कॅमेरा आणला. पहिल्या दिवशी नेहमीसारखा स्लेजवर उभा राहून फोटो काढले. हेल्मी सगळ्यांत पुढे, त्यामुळे मला मिळाली बाकीच्या सात जणांची ढुंगणं. (ती मी नावानिशी ओळखली, पण हे कौतुक तुझ्याशिवाय कोणाला सांगू?) दुसऱ्या दिवशी स्लेज शेजारच्या उर्होच्या ताब्यात दिली आणि स्वतः वाटेच्या कडेला बर्फात पालथा पडलो. पहिल्या फोटोत पाइनचं झाड आलं. दुसऱ्यात झाड आणि एक शेपूट. तिसऱ्यात तोंड उघडं टाकलेला उर्हो. मग हळूहळू कळलं, की कॅमेरा स्थिर धरला तर कुत्रं पुसलं जातं, आणि कुत्र्याबरोबर फिरवला तर जंगल पुसलं जातं नि कुत्रं उरतं. ताई, आपण जन्मभर कुत्र्यांच्या मागे उभे राहिलो, त्यांना बाजूने असं कधी पाहिलंच नाही गं! एका फोटोत हेल्मीचे चारही पाय पोटाखाली गोळा झालेत आणि ती चक्क अधांतरी आहे. एक कान पुढे, एक मागे, जीभ गालावरून उडालेली. मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे जातात, तरी ते एकमेकांत अडकत कसे नाहीत? मी स्वयंपाकघरात रांगत करून पाहिलं. (पडदे ओढून.) अडकतात.

तिसऱ्या दिवशी घात झाला. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी मान टाकते, म्हणून ती उबेला खिशात एका गरम पास्टीला, म्हणजे खिमा-बटाट्याच्या मोठ्या करंजीला, चिकटवून ठेवली होती. अगदी शेवटी ती कॅमेऱ्यात घातली. हेल्मी वळणावरून आली, ऊन तिच्या पाठीवर, सगळं हवं तसं, फक्त ती चौकटीच्या पार कडेला होती. जरा माझ्या बाजूला हवी होती. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने मी ओरडलो, "उजवी, हेल्मी! उजवी!"

ती गुणी पोर उजवीकडे वळली. तिच्यामागून सात जण वळले. त्यांच्यामागून स्लेज आणि स्लेजवरून उर्हो. मी मात्र जिथल्या तिथे होतो. पास्टी गेली, दोन बरगड्या मुक्या माराने ठणकतायत, आणि उर्हो झाडाखालून बाहेर येत म्हणाला, "अरे शहाण्या, तू उजवी म्हणालास, ती उजवीला आली. तिचं काय चुकलं? आणि माझी टोपी कुठाय?"

सोबत तो अधांतरीचा फोटो पाठवतोय. हेल्मी धावते, हे आता तुलाही मान्य करावं लागेल. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
रेइनो

ता. क. फोटो शेपटीपाशी का कापलाय, असं तू विचारशीलच. कात्रीची चूक.

ता. क. २. कात्रीची चूक नाही. तिचा ओढायचा दोर सैल आहे, ताई. ती दिसते त्या फोटोंत, एक सोडून सगळ्यांत. मागे उभं राहून सगळ्यांत पुढचा दोर मला दिसतच नव्हता. सात जण ओढतात आणि ती नुसती पुढे मजेत धावते. कधीपासून, देव जाणे. ताठ दोर एकाच फोटोत आहे, ती माझ्या अंगावर आली त्यातल्या. तो हललेला आहे, पण पाठवतोय. उर्हो म्हणतो, ते पास्टीसाठी होतं. उर्होला विचारलंय कोणी?

ता. क. ३. करार म्हणजे करार. रस्ते मोकळे झाले की तिला घेऊन येतो. बाकीच्या सातांना उर्हो स्वतःकडे ठेवून घ्यायला तयार आहे. तुझ्या इमारतीत एक कुत्रं चालतं, असं तू लिहिलं होतंस. एक भाऊ चालतो का, तेवढं विचारून ठेव.