चार नंबरचा फोन

प्रिय तनया,

माझं डोकं फिरलं ते त्या सोमवारी, दुपारी सव्वा वाजता. तू डबा उघडत होतीस, तुझा चार नंबरचा फोन वाजला आणि माझ्याही स्क्रीनवर पट्टी आली: वास्को, नाव नाही. तू आधी स्क्रीनकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि पाठ फिरवून बोलायला लागलीस. पाठ का फिरवावी?

मालक सदाशिवबाबांनी ऑफिसचे फोन कॉम्प्युटरला जोडून घेतले तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचलो होतो. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कोणीतरी काही विचारतंय, त्याचीच मिजास. फोन वाजला की गिऱ्हाइकाचं नाव, गाव, पंप कधी बसवला, सगळं समोर. आणि फोन ठेवल्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय ती खिडकी बंद होत नाही. तू लिहायचीस, 'कोरगाव, विहिरीचा पंप, काका दोनदा ओरडले.' आम्ही सगळे हसायचो. त्या वास्कोपुढे मात्र तू नुसतं एक टिंब द्यायचीस.

मी मागची यादी काढली. दोन महिने, रोज सव्वा वाजता, सहा-सात मिनिटं. टिंब, टिंब, टिंब. मग मला सगळीकडे वास्कोच दिसायला लागलं. नवीन कानातलं घातलंस, वास्को. शनिवारी लवकर गेलीस, वास्को. असेल कोणीतरी बंदरावरचा, डिग्री घेतलेला. तुला सरळ विचारायची हिंमत नव्हती. भांडायची मात्र होती.

शेवटी मी तो नंबर तुझ्या फोनवरून काढून माझ्या फोनवर वळवला. दोन क्लिकचं काम. तीन दिवस मी 'हॅलो' म्हणायचो, पलीकडे गप्प, मग कट. चोरच तो, म्हटलं. चौथ्या दिवशी ओरडलो, "लाज नाय काय रे? परत फोन केलंस तर वास्कोक येऊन तंगडी मोडीन!" त्यानंतर फोन आला नाही. त्या विजयाच्या भरात सगळ्यांसमोर तुला नको ते बोललो आणि ती यादी सदाशिवबाबांच्या टेबलावर टाकली. त्यांनी तुला विचारलं, तू काहीच सांगितलं नाहीस. ऑफिसच्या फोनवर घरगुती गप्पा, म्हणून त्यांनी तुला कामावरून काढून तुझ्या गावी, सर्वणला, घरी बसवलं. तेव्हाही मला वाटलं, गप्प आहे म्हणजे खरंच आहे.

आज सदाशिवबाबांनी धाकू या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायला फोनच्या रेकॉर्डिंगचा पासवर्ड दिला. (धाकूचा पंप महिन्यात तीनदा तुझ्याच वेळेत कसा बिघडतो, ते मला अजून पटलेलं नाही.) मी आधी तुझ्या फोनचं रेकॉर्डिंग उघडलं.

"तनया बाय, जेवलो गो तो?"

माझ्या बाबांचा आवाज. कोरगावच्या देवळात नारळ ठेवून त्यांनी शब्द दिला होता, मी कॉलेजच्या परीक्षेला बसेपर्यंत माझ्याशी बोलणार नाहीत. असा माणूस वास्को बंदरातल्या आपल्या कामाच्या ऑफिसच्या फोनवरून माझी चौकशी करेल, हे डोक्यातच आलं नाही. आणि तू हसत सांगतेस, "जेवला, काका. दोन पाव स्वतःचे, एक माझा. आणि वर माझ्या भाजीला नावं." शेवटी रोज तेच, "त्याका सांगू नको हां." म्हणून ते टिंब.

मग माझं ओरडणं ऐकलं. त्या दिवशी त्यांनी लगेच फोन ठेवला नव्हता. माझ्या धमकीनंतर चाळीस सेकंद लाइन चालूच आहे. मागे बोटीचा भोंगा ऐकू येतो, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज.

हे पत्र माफीसाठी नाही. ती मागायचं तोंड नाही. सदाशिवबाबांना मी ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि माझा राजीनामा दिला. सोमवारी तू कामावर ये, तुझी खुर्ची तुझीच आहे. वास्कोचा नंबर परत चार नंबरला जोडलाय. सव्वा वाजता वाजला तर उचल, आणि सांग, प्रज्योत परीक्षेचा अर्ज भरायला गेला. खरंच चाललोय. नंतर वास्कोला बाबांकडे जाईन. ते बोलणार नाहीत. मी बोलेन, ते ऐकतील. ऑफिसातल्या मालतीताई सर्वणलाच राहतात, त्यांच्या हातात हे पत्र देतोय. कॉम्प्युटर बंद केला, किल्ली सदाशिवबाबांच्या टेबलावर ठेवली. आता बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तू मानलंस तर तुझाच,
प्रज्योत