माझ्यामुळं हुकलेली वेळ

४ डिसेंबर
बायकोला, रेखाला घेऊन बीडच्या दवाखान्यात गेलतो. दात्याच्या वीर्याची दुसरी खेप. माझ्या तपासणीत शुक्राणू एकही निघाला न्हाई, हे घरात आमा दोघांनाच ठावं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. रेखाला पस्तीसावं लागलंय, नळ्या मोकळ्या हायत, आता सगळं वेळ साधण्यावर हाय. अंडं फुटायच्या सुमारालाच झालं पाहिजे. बारा वर्षं सिरसाळ्याच्या आसपास कृत्रिम रेतनानं गाई-म्हशी भरवतोय, लोकांना हेच सांगतो. बाईंपुढं मान वर झाली न्हाई.

११ डिसें.
अंडं नीट वाढलंय. रेखाला इंजेक्शन दिलं. परवा सकाळी दहाला यायचं. घरी सांगितलं, तिची पाठ दाखवायचीय. माय म्हणली, हिच्यावर आणखी किती दवाखाने. गप बसलो. सात वर्षं गपच.

१३ डिसें.
सकाळीच फोन. वस्तीवर म्हैस माजावर आलेली. रेखाला म्हणलो, तासाभरात येतो. काम अर्ध्या तासात झालं. मग चहा, मग गप्पा, चार माणसं डॉक्टर डॉक्टर करीत होती. रेखाचे सहा फोन. उचलले न्हाईत. बीडला पोचायला तीन वाजले. बाई म्हणल्या, उशीर झालाय, तरी करू. परतीच्या एसटीत रेखा खिडकीकडं तोंड करून.

२८ डिसें.
पाळी आली. मनात पहिला शब्द आला 'उलटली'. पुन्हा माजावर आलेल्या जनावराला म्हणतो तो. बायकोला. शी.
बाईंना फोन केला, उशिरानं झालं का? म्हणल्या, सांगता येत न्हाई. वेळेवर करूनही पहिल्या खेपेला राहिलं नव्हतं. सुटका व्हावी म्हणून विचारलेलं. झाली न्हाई.

२ जाने.
माय म्हणली, धारूरच्या मामानं तुझ्यासाठी पोरगी बघितलीय. रेखा तिथंच भाकरी थापत होती. थांबली. माझ्याकडं बघितलं.
मी म्हणलो, "बघू."
माय बाहेर गेल्यावर रेखानं विचारलं, "त्या दिवशी वेळेवर कावून आला न्हाईत? म्हशीचं नका सांगू."
म्हणलो, दुसऱ्याचं लेकरू, नजरेला नजर कशी देऊ, भ्या वाटलं.
"मग तसं सांगायचं. तुमचा दोष माझ्या नावावर कावून खपवता?"

५ जाने.
मायला सांगितलं. दोष माझ्यात हाय. ती तूर निवडत होती, हात थांबला. सूप बाजूला सारून म्हणली, "हिला म्हाईत होतं?"
सात वर्षं, म्हणलो.
माय उठली, चुलीपाशी रेखाजवळ जाऊन बसली. काय बोलल्या ऐकू आलं न्हाई. दात्याचं अजून सांगितलेलं न्हाई. तेवढं तोंड…
उद्या तिसऱ्या खेपेची सोनोग्राफी. रेखानं परस्पर फोन करून वेळ घेतलीय. मला चल म्हणली न्हाई. पुढं संमतीच्या कागदावर माझी सही लागंल, तेव्हा मला न्यावंच लागंल. नुसतं सहीपुरतं जायला नको. येऊ का म्हणून विचारायला दोनदा उठलो, परत बसलो.