अक्कांच्या घरातला दिवा

सुमन मधुकर चौधरी, तुझे नाव असे सलग मी आजवर केवळ अर्जांवर लिहिले. तुला नावाने हाक मारण्याचा आपल्या घरी रिवाज नव्हता. आज लिहितो, कारण शेजारच्या अक्कांच्या घरात दातांचा दवाखाना होत आहे, आणि ज्याच्यापाशी संताप करावा असे दुसरे माणूस मला उरलेले नाही.

अक्का धुळ्याला लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा किल्ल्या तुझ्या हाती देऊन गेल्या होत्या. तिन्हीसांजेला तू त्यांच्या देवघरात दिवा लावायचीस. तू गेल्यावर ते काम मी सोडले नाही. आणि आता त्याच देवघराच्या भिंतीवर खडूच्या रेघा आहेत, नळ कुठून न्यायचे त्याच्या. घर भाड्याने दिल्याचे अक्कांनी मला कळवलेसुद्धा नाही. मला ते खडू मारणाऱ्याकडून समजले.

कॉलनीच्या मारुती मंदिरात सभा झाली. समोरचे नाना तावातावाने उठले. “दाढ काढून घेतील आणि रक्ताची चूळ आपल्या गटारीत टाकतील! गाड्या लावतील कुठं? माझ्या छातीवर?” डॉक्टरीण शिरपूरची, वयाने लहान, पण जिभेने नव्हे. “नाना, आधी तुमची कवळी नीट बसवून देते, मग भांडा,” असे ती सर्वांसमक्ष म्हणाली. लोक हसले. मला त्या हसणाऱ्यांची चीड आली. मग ती माझ्याकडे वळते आणि विचारते, “काका, घर इतकी वर्षं बंद होतं, तेव्हा कुणाची हरकत नव्हती?” मी उठून सांगितले, “ते घर बंद नाही. तिथे रोज दिवा लागतो.” महापालिकेकडे दिलेल्या हरकतीतही मी तेच लिहिले: सदर घर राहते आहे. वाहने, सांडपाणी, यंत्राचा आवाज हे मुद्दे त्याखाली.

आज महापालिकेचे साहेब पाहणीला आले. अक्काही धुळ्याहून आल्या, काठी टेकत. साहेबांनी विचारले, “इथे राहतं कोण?” सगळी कॉलनी माझ्याकडे पाहते आहे आणि मी देवघराकडे बोट दाखवतो आहे. नाना माझ्याच बाजूचे, तरी पुटपुटले, “साहेब, दिव्याला राहणं म्हणत नाहीत हो.” अक्कांनी ओट्यावर बसकण मारली. “भाऊ, दिवा तू लावस, पन तठे ऱ्हास कोन? मन्ही मैतरीन गयी ना, तवयच ते घर बंद पडनं.” मी त्यांना तुटकपणे म्हणालो, “विचारायला हवे होते.” त्या म्हणाल्या, “इचारतू, तर तू नही म्हनता.” माझी हरकत तिथेच निकालात निघाली. उरलेले मुद्दे साहेबांनी ‘पाहू’ म्हणून खिशात घातले. डॉक्टरीणबाईंनी मला पाणी देऊ केले. मी घेतले नाही.

माझा विरोध मावळलेला नाही. गटार तुंबणारच आहे, आणि त्या दिवशी मी पहिला दारात उभा असेन. परंतु हरकतीत एक कारण मी लिहिले नव्हते. उन्हाळ्यात तू आणि अक्का त्यांच्या स्वयंपाकघरात ज्वारीचे पापडासारखे बिबडे घालायचात. पिठाचा शिजता घाटा ढवळताना तू मोठ्याने हसायचीस, अगदी खदखदून. ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचे. आपल्या घरात तू तशी हसल्याचे मला आठवत नाही. दिवा लावून झाला की मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात जरा वेळ उभा राहत असे. देवांसाठी मी तिथे कधीच जात नव्हतो.

हे पत्र अक्कांनाही दाखवणार नाही. त्यांचे देव त्यांच्या पिशवीत घातले, समई पुसून वर ठेवली. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या परत केल्या.