दोघांच्या सह्या

प्रिय वेस्ली,

रात्रभर डोळा लागला नाही. तू नॉर्थ डकोटात तेलविहिरीवर, मी केंटकीत. बाळाला तू अजून पाहिलंही नाहीस. वाटलं, नवरा-बायको म्हणून एकत्र भरतो तो टॅक्स यंदा तू वेगळा भरशील आणि मलाही सोडशील. काल टॅक्स भरून देणारी वर्नाबाई हसली, "अगं वेडे, राज्यं दोन असली तरी वॉशिंग्टनच्या सरकारकडे तुमचा हिशेब एकच! नवऱ्यानंच फोन करून एकत्र भरायला सांगितलं, बाळाचं नावही घालायला लावलं. आता दोघांच्या सह्या हव्यात."

कागद पोस्टानं पाठवू? छे! बाळाला घेऊन मीच निघाले. हायवेवर कधी गाडी चालवली नाही, पण हसू थांबत नाही. हे पत्र टाकत नाही, त्याआधी मीच पोचेन.

तुझीच,
ब्रिआना

ता.क. टेबलावरचं हे जो वाचेल, त्यानं माझ्या भावाला, क्लेटनला, फोन करावा. त्याचा ट्रक मी नेलाय, त्याला अजून माहीत नाही.